कापसाची दाढी काढून ठेवा

पत्र: "मी सांगली जिल्ह्यातल्या एका अनुदानित शाळेत सातवीची वर्गशिक्षिका आहे. पट ४२. सात मुलं मुस्लिम, पाच बौद्ध, दोन जैन, एक ख्रिस्ती, बाकी हिंदू आणि लिंगायत. गेल्या महिन्यात क्रिकेटच्या सामन्याच्या दुसऱ्या दिवशी एकाने बाकावरच्या सोबत्याला 'पाकिस्तानी' म्हटलं आणि वर्ग हसला. मी तासभर सर्वधर्मसमभावावर बोलले. झालं उलटंच. तो मुलगा आता मधल्या सुट्टीत एकटा डबा खातो. मुख्याध्यापक म्हणतात, 'सर्वधर्म दिन' करू, मुलांना वेगवेगळ्या धर्मांचे पोशाख घालून बोलवू. नोटीस निघाली आणि एका पालकांचा फोन आला, 'आमच्या मुलीला नमाज शिकवणार का?' मूल्यशिक्षणाचा ३५ मिनिटांचा एक तास आठवड्याला माझ्या हातात आहे. त्यात नेमकं काय करू?"
वर्गशिक्षिका, जि. सांगली

ताई, नमस्कार.

नोटीस निघाली असली तरी पोशाखांचा कार्यक्रम आधी थांबवा. तो कसा होतो ते तुम्हालाही ठाऊक आहे. मुस्लिम म्हणजे जाळीची टोपी आणि कापसाची दाढी, शीख म्हणजे पगडी, ख्रिस्ती म्हणजे गळ्यात पुठ्ठ्याचा क्रूस. बौद्ध आणि जैनांना काय घालायचं ते कुणाला सुचत नाही, म्हणून ते यादीतून गळतात. हिंदू मुलगा मात्र नेहमीच्या झब्ब्यात येतो. वर्गाच्या मनात काय बसतं? आपण साधी माणसं आणि बाकी सगळी सोंगं. तुमच्या वर्गातली सात मुस्लिम मुलं रोज बाकीच्यांसारखाच गणवेश घालून येतात. एका दिवसासाठी त्यांना वेगळं काढून दाखवायचं आणि संध्याकाळी 'आपण सगळे एक' म्हणायचं, हे मुलांनाही पटत नाही. मुख्याध्यापकांना नुसतं 'नको' म्हणणं अवघड जातं हे मान्य. त्याच तारखेला दुसरं काय करता येईल ते शेवटी देतो.

आधी तो मुलगा.

तुमचं भाषण चुकीचं नव्हतं, त्याची वेळ आणि जागा चुकली. हे सगळं कुणामुळे चाललंय ते वर्गात प्रत्येकाला माहीत होतं. पाऊणशे डोळे त्याच्याकडे वळले. चिडवणं दोन सेकंदांचं होतं, भाषण तासभराचं. शिक्षा त्यालाच झाली. एक महिना लोटला असला तरी त्याच्याशी एकट्याने बोला. शिक्षकांच्या खोलीत नको, व्हरांड्यात किंवा ग्रंथालयात. "त्या दिवशी झालं ते चूक होतं, आणि मी ते सगळ्यांसमोर ताणलं तेही बरोबर नव्हतं. आता काय केलेलं तुला चालेल?" एवढं पुरे. घरी कळवायचं का, हेही त्यालाच विचारा. 'मस्करी होती, मनावर घेऊ नकोस' हे वाक्य तोंडातून निघू देऊ नका. बाक बदलायचा झाला तर दुसऱ्याचा बदला, त्याचा नको.

ज्याने म्हटलं त्याच्याशी वेगळं बोला. बारा-तेरा वर्षांचं पोर बहुधा ऐकलेलं बोलतं. त्याला तीन गोष्टी विचारा: नेमकं काय म्हणालास, ऐकणाऱ्याला काय वाटलं असेल, आता नीट करायला काय करशील. पहिल्या प्रश्नाला तो 'काही नाही' म्हणेल. शब्द त्याच्याच तोंडून येईपर्यंत थांबा. 'घरी असंच म्हणतात' असं उत्तर आलं तर घरावर शेरा मारू नका. "घरचं घरी. या वर्गाचा नियम हा आहे," इतकंच. सगळ्यांसमोर माफी मागायला लावू नका. गळाभेट घडवून तिचा फोटो पालकांच्या ग्रुपवर तर अजिबात टाकू नका. तारीख, बोललेले शब्द जसेच्या तसे आणि तुम्ही काय केलंत, हे वहीत टिपून ठेवा. असं पुन्हा घडलं तर मुख्याध्यापकांपुढे तीच वही उपयोगी पडेल.

पुढच्या वेळी तिथल्या तिथे दहा सेकंद बोला: "थांब. या वर्गात धर्मावरून, जातीवरून, गावावरून कुणाला नावं ठेवायची नाहीत. आता गणित." फळ्याकडे वळा. बाकीचं बोलणं तास संपल्यावर.

खरं काम हसणाऱ्यांवर आहे. एकाने चिडवलं, पण हसले पस्तीस. ते हसू नसतं तर तो शब्द तिथेच विरला असता. हसण्याची सुरुवात करणारे प्रत्येक वर्गात तीन-चार असतात, तुम्ही ते डोळे मिटून सांगाल. त्यांना बोलावून फक्त दोन गोष्टी द्या: हसायचं नाही, आणि 'ए, बस कर' म्हणायचं. मुलांना मोठी तत्त्वं आयत्या वेळी आठवत नाहीत, तीन शब्द आठवतात.

डब्याचा प्रश्न असा सोडवा की तो त्या मुलासाठी केलाय हे कळता कामा नये. मंगळवार आणि गुरुवारी सगळ्या वर्गाने चिठ्ठ्या काढून सहा-सहाच्या सात गोलांत बसायचं. बाकीचे दिवस मोकळे. गोलात नियम दोनच. दुसऱ्याच्या डब्याकडे बघून 'ईऽऽ' म्हणायचं नाही, आणि वाटून खाण्याची सक्ती नाही. दुसरा नियम महत्त्वाचा. जैन किंवा माळकरी घरातल्या मुलाला दुसऱ्याच्या डब्यातलं चालणार नाही, आणि ते चालवून घ्यायला लावणं म्हणजे उलट्या बाजूची जबरदस्ती. एकत्र बसणं पुरेसं आहे. चिठ्ठीत घोळ करून त्याला 'चांगल्या' गोलात घालायचा मोह होईल. पहिल्या आठवड्यात तो आवरा, मुलं चिठ्ठ्यांवर बारीक नजर ठेवतात.

आता पालकांचा फोन. कायदा तुमच्या बाजूने आहे, पण तो नीट माहीत हवा. संविधानाचं कलम २८ असं: जी शाळा पूर्णपणे सरकारी पैशावर चालते तिथे धार्मिक शिक्षण देता येत नाही. तुमच्यासारख्या अनुदानित किंवा मान्यताप्राप्त शाळेत पालकांच्या संमतीशिवाय कुठल्याही मुलाला धार्मिक शिक्षण किंवा उपासना करायला लावता येत नाही. धर्मांविषयी माहिती देणं ही वेगळी गोष्ट आहे, आणि हा फरक सर्वोच्च न्यायालयाने २००२ साली मान्य केला आहे. कलम ५१-क मध्ये धार्मिक भेदांपलीकडचा बंधुभाव वाढवणं हे नागरिकांचं कर्तव्य सांगितलंय. राज्याच्या मूल्यशिक्षणातल्या दहा मूल्यांत वक्तशीरपणा आणि नीटनेटकेपणा यांच्या रांगेत 'सर्वधर्मसहिष्णुता' आहेच. पालकांना हे सगळं ऐकवायची गरज नाही. त्यांना म्हणा, "नमाज शिकवणार नाही, आरतीही शिकवणार नाही. कोण काय मानतं एवढीच माहिती देणार आहे. माझं टाचण शाळेत ठेवलंय, या आणि वाचा." म्हणून टाचण लेखी ठेवा आणि मुख्याध्यापकांची सही घ्या. बोलावलं तर बहुतेक पालक येत नाहीत. जे येतात त्यांना वाचायला काहीतरी हातात हवं.

याच निकषावर स्वतःचा परिपाठही तपासा. सरस्वतीपूजनाच्या वेळी एखादं मूल हात न जोडता शांत उभं राहिलं तर त्याला हात जोडायला लावू नका. केरळमधली तीन भावंडं राष्ट्रगीताला आदराने उभी राहायची, पण धार्मिक श्रद्धेमुळे गायची नाहीत. शाळेने त्यांना काढलं. १९८६ साली सर्वोच्च न्यायालयाने त्यांना परत घ्यायला लावलं. राष्ट्रगीताच्या बाबतीत जर एवढी मोकळीक आहे, तर पूजेच्या बाबतीत वेगळं सांगायला नको.

तासाला सुरुवात करण्याआधी तुमच्या स्वतःच्या तीन सवयी बदला. पहिली, 'ते लोक' आणि 'आपल्यात'. वर्गात सात मुलं समोर बसलेली असताना 'मुस्लिम लोकांमध्ये असं असतं' म्हटलं की 'आपण' कोण ते आपोआप ठरतं. 'काही कुटुंबांत', 'बरेच जण मानतात की', 'काहींच्या घरी', अशी वाक्यं ओठांवर बसवा. ती सत्यालाही धरून आहेत, कारण एकाच धर्मातली दोन घरं सारखं पाळत नाहीत. दुसरी सवय, 'तुमच्यात कसं असतं ग?' असं एखाद्या मुलीला सगळ्यांसमोर विचारणं. तिला धर्माची प्रवक्ती करू नका. कदाचित तिला माहीत नसेल, कदाचित तिला त्या दिवशी नुसती सातवीतली मुलगी व्हायचं असेल. तिसरी सवय सगळ्यात गोड आणि सगळ्यात घोटाळ्याची: 'सगळे धर्म शेवटी एकच सांगतात.' सांगत नाहीत. जैन आणि बौद्ध परंपरेत जग निर्माण करणारा देव नाही, इस्लाममध्ये एकच ईश्वर आहे आणि त्याची मूर्ती करत नाहीत. सगळं एकच असतं तर सहिष्णुतेची गरजच काय होती? वेगळं आहे, आणि तरी एका बाकावर बसायचं आहे, हेच तर शिकवायचंय.

इथे एक चूक महाराष्ट्रात हमखास होते. दशावतार सांगताना शिक्षक सहज म्हणतात, बुद्ध हा विष्णूचा नववा अवतार. पुराणांत तसं आहे. पण १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपुरात डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी ज्या २२ प्रतिज्ञा दिल्या, त्यांत ही समजूत स्पष्ट शब्दांत नाकारलेली आहे. तुमच्या पाच बौद्ध मुलांच्या घरी त्या प्रतिज्ञा भिंतीवर असण्याचा संभव आहे. देशातले तीन-चतुर्थांशाहून अधिक बौद्ध आपल्या राज्यात राहतात, आणि तरी शाळेच्या 'सर्वधर्म' तक्त्यावर त्यांच्या वाट्याला एक चक्र येतं. "काही हिंदू असं मानतात, बौद्ध तसं मानत नाहीत," दोन्ही सांगा आणि पुढे जा. लिंगायत मुलाने 'आम्ही हिंदू की वेगळे?' असं विचारलं तर त्याच्या घरी जे म्हणतात ते तुमच्या वर्गात बरोबर. निवाडा तुम्ही करू नका.

आता तास. पहिले दोन महिने श्रद्धेला हात लावू नका, कॅलेंडर घ्या. यात कुणाच्या भावना दुखत नाहीत आणि गणित भरपूर आहे. भिंतीवर तीन वर्षांची कॅलेंडरं लावा. मुलांनी गणेश चतुर्थी, रमजान ईद, नाताळ, ईस्टर, बुद्धपौर्णिमा आणि महावीर जयंतीच्या तारखा एका तक्त्यात भरायच्या. मग प्रश्न: नाताळ हलत नाही, गणपती थोडा मागेपुढे होतो, पण ईद दर वर्षी सरकत का जाते? चांद्र वर्ष साधारण ३५४ दिवसांचं, सौर वर्ष ३६५ दिवसांचं. दर वर्षी ११ दिवसांचा फरक. हिजरी पंचांग तो फरक तसाच राहू देतं, म्हणून रमजान सगळ्या ऋतूंतून फिरून साधारण ३२-३३ वर्षांनी त्याच जागी येतो. मराठी पंचांग साधारण साडेबत्तीस महिन्यांनी अधिक महिना घालून फरक मिटवतं. ज्यू पंचांगही तेच करतं, १९ वर्षांत सात वेळा. (रायगडच्या किनाऱ्यावरच्या बेने इस्राएल मंडळींचा धंदा तेल गाळण्याचा आणि शनिवारी घाणा बंद, म्हणून त्यांना 'शनिवार तेली' म्हणत. मुलांना हे नाव फार आवडतं.) ईस्टर २१ मार्चला किंवा त्यानंतर येणाऱ्या पहिल्या पौर्णिमेनंतरच्या रविवारी, म्हणजे तिथेही चंद्र आलाच.

यातून एक गणित निघतं. २०१८, २०१९ आणि २०२० अशी सलग तीन वर्षं मोहरमचा दहावा दिवस गणेशोत्सवात आला. पुन्हा कधी येईल? मुलांना काढू द्या, उत्तर २०५० च्या आसपास यायला हवं. मग तुमच्याच जिल्ह्यातलं सांगा. वाळवा तालुक्यातल्या गोटखिंडीत गेली चाळीसहून अधिक वर्षं गणपती मशिदीत बसतो. शेजारी कोल्हापूर जिल्ह्यात कुरुंदवाडलाही अनेक मशिदींत गणपती बसवतात. आणि २०२३ साली २८ सप्टेंबरला अनंत चतुर्दशी आणि ईद-ए-मिलाद एकाच दिवशी आली, तेव्हा मुस्लिम समाजाने ईदची मिरवणूक दुसऱ्या दिवशी काढायचं ठरवलं आणि राज्य सरकारने ईदची सुट्टीही २९ तारखेला नेली. मुलांना विचारा: रस्ता एक, मिरवणुका दोन, तुम्ही असता तर काय काय पर्याय काढले असते? सहा जणांच्या गटाला दहा मिनिटं द्या. पोलीस, वाहतूक, दवाखान्याचा रस्ता, भोंग्याची वेळ, सगळं त्यांच्याकडूनच येतं. 'एकोपा' शब्द तुम्ही फळ्यावर लिहू नका.

मग इतिहास. तुमचा तास नसला तरी यात लक्ष घाला, कारण चौथीत आणि पुन्हा सातवीत अफझलखानाचा धडा झाला की मधल्या सुट्टीत एखाद्या शेख किंवा मुल्ला आडनावाच्या मुलाला 'खान' म्हणून वाघनखं दाखवली जातात. उपाय धडा पुसट करण्यात नाही. तुळजापूर-पंढरपूरच्या देवस्थानांना खानाने उपद्रव दिल्याचं बखरी सांगतात, मुलाने विचारलं तर 'हो' म्हणा. लपवलंत तर तो घरी जाऊन मोबाइलवर शोधेल आणि जे सापडेल ते तुमच्यापेक्षा खरं मानेल.

बारा चिठ्ठ्या करा: जिवा महाला, सिद्दी इब्राहिम, दौलतखान, सिद्दी हिलाल, तानाजी मालुसरे, अफझलखान, कृष्णाजी भास्कर, चंद्रराव मोरे, सिद्दी जौहर, मिर्झाराजे जयसिंह, उदयभान राठोड, शहाजीराजे. प्रत्येक चिठ्ठीवर नाव आणि एक ओळ: कुठे, कोणत्या साली, काय केलं. फळ्यावर दोन रकाने, 'महाराजांच्या बाजूने' आणि 'विरुद्ध'. मुलांनी चिठ्ठ्या लावायच्या. १० नोव्हेंबर १६५९ ला प्रतापगडावर महाराजांसोबतच्या दहा निवडक शिलेदारांत सिद्दी इब्राहिम होता, आणि खानाचा वकील होता कृष्णाजी भास्कर. पन्हाळ्याला वेढा घालणारा सिद्दी जौहर, आणि त्या वेढ्यावर चालून जाणारा सिद्दी हिलाल. पुरंदरचा तह करायला लावणारे मिर्झाराजे रजपूत, कोंढाण्यावरचा उदयभानही रजपूत. दौलतखान महाराजांच्या आरमारात. रकाने भरले की विचारा, 'या दोन रकान्यांना काय नाव द्याल?' कुणीतरी 'हिंदू-मुसलमान' म्हणेल. त्याला पुढे बोलावून ते नाव बसवून बघायला सांगा. बसत नाही. शहाजीराजांच्या चिठ्ठीवर मुलं अडतील, कारण प्रतापगडाच्या वेळी ते आदिलशाहीच्या चाकरीत होते. ती चिठ्ठी मुद्दाम घातलीय. तिच्यावरून राज्य, वतन आणि चाकरी म्हणजे काय यावर जी चर्चा निघते ती मिनिटांत संपत नाही.

इथे एक धोका आहे. 'महाराजांच्या सैन्यात इतके टक्के मुसलमान होते' असले आकडे मोबाइलवर फिरतात. त्यांना पुरावा नाही, वापरू नका. एखाद्या मुलाच्या वडिलांनी 'कागद दाखवा' म्हटलं की अख्खा तास पडतो आणि खऱ्या गोष्टीही खोट्या ठरतात. बारा नावं पुरेशी आहेत.

या सगळ्यापेक्षा ज्याचा उपयोग जास्त होईल ते धर्माविषयी नाहीच. अमेरिकेत टेक्सासमधल्या ऑस्टिन शहरात गोऱ्या आणि काळ्या मुलांच्या शाळा एकत्र झाल्यावर वर्गांत मारामाऱ्या होऊ लागल्या. १९७१ मध्ये एलियट अॅरन्सन या मानसशास्त्रज्ञाने तिथे 'जिगसॉ' नावाची पद्धत बसवली. तत्त्व सोपं: माझा अभ्यास तुझ्यावाचून पुरा होणार नाही, अशी रचना करायची. तुमच्या ४२ मुलांना ती चपखल बसते. सहा-सहाचे सात गट. विज्ञानाचा किंवा भूगोलाचा एक धडा सहा तुकड्यांत वाटा, प्रत्येक तुकडा पाऊण पानाचा. गटातल्या प्रत्येकाला वेगळा तुकडा. मग सगळे 'एक नंबर'वाले एकत्र, सगळे 'दोन नंबर'वाले एकत्र, असे सात-सात जण पंधरा मिनिटं बसून आपला तुकडा पक्का करतात आणि तो कसा समजावायचा ते ठरवतात. नंतर मूळ गटात परत येऊन प्रत्येकाने चार मिनिटांत आपला भाग बाकीच्यांना शिकवायचा. शेवटी दहा गुणांची चाचणी, ज्याची त्याने, एकट्याने, साऱ्या धड्यावर.

३५ मिनिटांत हे होत नाही, जोडतास घ्या. गट तुम्हीच पाडा आणि सहा ते आठ आठवडे मोडू नका. मुलं पहिले दोन आठवडे कुरकुरतात, त्यानंतर कामाला लागतात. सात मुस्लिम मुलं आणि सात गट, म्हणून प्रत्येकात एक, असा हिशेब करू नका. एकटं मूल गटात गप्प होतं. तीन गटांत दोन-दोन आणि एकात एक ठेवा. तो एक म्हणजे मुळात बोलका असणारा. गैरहजेरी रोज असते, म्हणून प्रत्येक तुकड्याची एक जादा प्रत ठेवा आणि कुणाचा भाग कोण सांभाळेल ते आधीच ठरवा. हुशार मूल सगळ्यांचे तुकडे स्वतःच वाचून टाकतं, त्यासाठी मूळ गटात कागद मिटवून फक्त तोंडी सांगायचं. अडखळत वाचणाऱ्याला गट टोमणे मारायला लागला तर एवढंच म्हणा, "त्याचा भाग चाचणीत आहे, त्याला नीट विचारा." आणि गटांमधून फिरताना स्वतः समजावून द्यायला लागू नका. शिक्षकांकडून हे सगळ्यात जास्त चुकतं.

मूल्यशिक्षणाच्या तासाला दर पंधरवड्याला शेवटची दहा मिनिटं प्रश्नपेटीला द्या. चिठ्ठीवर नाव नाही. चिठ्ठ्या घरी नेऊन वाचा, वर्गात उघडू नका. माहितीचे प्रश्न पुढच्या वेळी उत्तरासकट घ्या: रोज्यात पाणी पितात का (पहाटेपासून सूर्यास्तापर्यंत नाही; आजारी, प्रवासी आणि लहान मुलं यांना सूट), जैन कांदा-बटाटा का खात नाहीत (जमिनीखालच्या कंदात अनेक जीव असतात आणि उपटताना त्यांची हिंसा होते असं मानतात). 'देव आहे का' आणि 'कोणता धर्म चांगला' हे प्रश्न येणारच. उत्तर: "हा प्रश्न माणसं हजारो वर्षं विचारताहेत. घरी मोठ्यांना विचार. वर्गात मी याचं उत्तर देणार नाही, कारण इथे वेगवेगळी उत्तरं मानणारी मुलं बसलीत." तुमचं स्वतःचं मत विचारलं तरीही हेच. शिवी असलेली चिठ्ठी वाचू नका आणि ती कुणी लिहिली ते शोधूही नका. मात्र तशा तीन-चार आल्या तर वर्गात काहीतरी शिजतंय असं समजा.

गुण देऊ नका. सहिष्णुतेला दहापैकी आठ, ही थट्टा होईल. त्याऐवजी आत्ता आणि पुन्हा फेब्रुवारीत प्रत्येकाला एका चिठ्ठीवर लिहायला सांगा: 'प्रकल्पासाठी कोणते तीन सोबती आवडतील?' 'कोण नको' हे कधीच विचारू नका, ती यादी फुटते. किती नावं दुसऱ्या धर्मातल्या मुलांची आली आणि कुणाचं नाव एकदाही आलं नाही, ते मोजा. हा आकडा फक्त तुमच्यापाशी राहू द्या.

आता मुख्याध्यापकांची तारीख. पोशाखांऐवजी मिरजेची सहल सुचवा. देवळं-मशिदी दाखवायला न्यायचं म्हटलं की प्रसाद घ्यायचा का, डोकं झाकायचं का, कोण बाहेर थांबणार, यातच दिवस जातो, आणि दाखवणाऱ्याला प्रवचनाची हुक्की आली तर तुम्ही त्याला थांबवूही शकत नाही. पहिल्या वर्षी ते नको. मिरजेत तंबोरे आणि सतारी करणारी घराणी आहेत. मूळचे शिकलगार, म्हणजे हत्यारांना धार लावणारे. हत्यारांची मागणी ओसरली तसे वाद्यांकडे वळले. त्यांच्या कामाला २०२४ साली भौगोलिक मानांकन मिळालं. भोपळे येतात पंढरपूर-मंगळवेढ्याच्या बाजूने. मुस्लिम कारागिराच्या हातचा तंबोरा देवळातल्या भजनालाही लागतो आणि मैफलीतही. हे तुम्ही सांगायचं नाही, मुलांनी विचारून काढायचं.

आधी दोन-तीन कारखान्यांत जाऊन वेळ ठरवून या. शुक्रवार दुपार टाळा. एका वेळी चौदाच मुलं आत, म्हणजे तीन तुकड्या, प्रत्येकी २५ मिनिटं. बाकीच्यांना तोवर बाजाराचा नकाशा काढायला द्या. पालकांच्या संमतीपत्रावर 'वाद्यनिर्मिती पाहणी' असं खरं तेच लिहा. प्रत्येक तुकडीकडे पाच प्रश्न लिहिलेले असावेत: भोपळा कसा निवडता, दांडीला कोणतं लाकूड, एका तंबोऱ्याला किती दिवस, काम कुणाकडून शिकलात, गिऱ्हाईक कुठून येतं. 'तुम्ही मुसलमान असून' अशी सुरुवात होणारा प्रश्न कुणी लिहिला असेल तर तो आधीच बाजूला काढा. शक्य असेल तर जवारी लावण्याआधी, म्हणजे तार जिच्यावर टेकते ती घोडी घासून आवाज जुळवण्याआधी, आणि नंतर तीच तार ऐकवायची विनंती करा. घोडी किती थोडी घासावी लागते आणि आवाज किती बदलतो, ते मुलांच्या लक्षात राहतं. परत आल्यावर निबंध लिहून घेऊ नका.